माडाच्या शेंड्यावरचं ऊन: आकाशातले अनोळखी उजेड आणि क्षेपणास्त्रांच्या चाचण्या

डिसेंबरातली गोष्ट. उत्तर गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती. सूर्य समुद्रात जाऊन सव्वा तास उलटला होता, टोपल्यांभोवती बॅटऱ्या फिरत होत्या. तेवढ्यात कुणीतरी हात वर केला आणि ओरडलं, "तें कितें?"

वायव्येकडून दिव्यांची एक माळ वर येत होती. वीस-बावीस ठिपके, एकामागून एक, सुईदोऱ्यात ओवल्यासारखे. आवाज नाही, लुकलुक नाही. माळ डोक्यावर आली आणि पहिला दिवा विझला. मग त्याच जागी येऊन दुसरा विझला, मग तिसरा. अख्खी माळ आकाशातल्या एकाच अदृश्य दारातून आत गेल्यासारखी नाहीशी झाली. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल काढला. मी घरी पोचेपर्यंत गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता आणि खाली मजकूर होता, "क्षेपणास्त्रं चालली आहेत. सगळ्यांनी काळजी घ्या."

मी पेडण्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून असे व्हिडिओ शेवटी माझ्याकडे येतात. त्या रात्री अकरापर्यंत फोन वाजत होता. एका वहिनींचा मुलगा जहाजावर कामाला असतो. त्यांचा आवाज थरथरत होता. माळ ती इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांची, हे त्यांना दोन मिनिटांत सांगून झालं. पण त्यांनी पुढे विचारलं, "मग ते विझले का?" आणि याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही. ते इथे देतो, कारण त्या एका उत्तरात आकाशातल्या निम्म्या अनोळखी उजेडांची उकल आहे. क्षेपणास्त्रांच्या उजेडाचीसुद्धा.

आमच्या आजीच्या काळी रात्री शिवेवर हलता उजेड दिसला की ती म्हणायची, राखणदार चूड घेऊन फिरतोय. गावाची राखण करणारा देवचार, हातात पेटती चूड, पायांत वहाणा. त्या उजेडाची भीती कमी आणि आधार जास्त वाटायचा. आज तसाच उजेड दिसला की पहिला शब्द येतो मिसाईल. २०२५ च्या मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर तर हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसला आहे. त्यामुळे मिसाईलचा उजेड खरोखर कसा दिसतो, कधी दिसतो आणि गोव्यातून दिसू शकतो का, हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात अंगणातून करू. दिवेलागणीला तुळशीपुढे पणती लावताना अंगण काळोखलेलं असतं. पण मान वर केली तर माडाच्या शेंड्यावर अजून पिवळं ऊन असतं. नारळ काढणारा पाडेली त्या वेळी वर चढलेला असेल तर त्याला समुद्रात बुडणारा सूर्य दिसत असतो. आपल्यासाठी सूर्य गेला, त्याच्यासाठी आहे. माड जितका उंच तितकं ते ऊन जास्त वेळ टिकतं.

आता तो माड मनातल्या मनात वाढवत न्या. एक किलोमीटर, दहा किलोमीटर, शंभर किलोमीटर. सूर्य बुडाला की पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढू लागते. गोव्याच्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्यास्तानंतर चाळीसेक मिनिटांनी ही सावली आपल्या डोक्यावर नव्वद-शंभर किलोमीटरपर्यंत पोचलेली असते, तासाभरात दोनशेच्या आसपास, सव्वा तासात तीनशेच्या. त्या रेषेच्या वर जे काही असेल त्याच्यावर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि आपण खाली काळोखात उभे असतो. काळोखातून उन्हातली वस्तू पाहिली की ती दिव्यासारखी दिसते.

नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर एकमेकांच्या मागे असतात. पुढे ते पांगतात आणि साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास चढतात. केरीला आम्ही पाहिलेले उपग्रह पश्चिमेकडून उन्हातून आले आणि डोक्यावर येताच पृथ्वीच्या सावलीत शिरले. एकामागून एक, त्याच जागी. ते दार म्हणजे सावलीची कड होती. कुणी काही विझवलं नव्हतं. पृथ्वीची सावली इतक्या स्पष्टपणे डोळ्यांना दाखवणारी दुसरी गोष्ट क्वचितच मिळते, आणि आमच्यापैकी कुणाला ते कळलंही नाही याची मला आजही हळहळ वाटते.

स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह २०१९ च्या मे महिन्यात गेले. त्यानंतर हे दृश्य जगभर नित्याचं झालं आहे.

क्षेपणास्त्राच्या उजेडामागेही हेच ऊन आहे. फक्त तिथे ऊन धातूच्या ठिपक्यावर न पडता धुरावर पडतं.

लांब पल्ल्याची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं गोफणीच्या दगडासारखी असतात. गोफण फिरवून दगड सोडला की पुढचा प्रवास दगड त्याचा तोच करतो. या क्षेपणास्त्राची इंजिनं सुरुवातीची काही मिनिटंच जळतात. तेवढ्यात ते वातावरणाच्या बाहेर, शेकडो किलोमीटर वर जातं. मग इंजिन बंद, आणि उरलेला हजारो किलोमीटरचा प्रवास नुसत्या वेगावर आणि गुरुत्वाकर्षणावर. म्हणजे उजेड जो काही पडायचा तो पहिल्या काही मिनिटांत आणि शेवटी, वातावरणात परत शिरताना.

अग्नी-५ हे आपलं सर्वांत लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र. पल्ला पाच हजार किलोमीटरहून जास्त, घन इंधनाचे तीन टप्पे. घन इंधन म्हणजे रबरासारख्या पदार्थात घट्ट बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि अमोनियम पर्क्लोरेट. दिवाळीच्या भुईनळ्यात जी पांढरी झगमग असते तीही बहुधा अशाच धातूच्या भुकटीची. जळाल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे बारीक कण, पाण्याची वाफ आणि इतर वायू मागे फेकले जातात. जमिनीजवळ हवा दाट असते, ती या धुराला चहूबाजूंनी दाबून धरते, म्हणून खाली तो दोरीसारखा बारीक दिसतो. वर हवा विरळ होत जाते. ऐंशी-शंभर किलोमीटरच्या वर धुराला दाबणारं जवळजवळ काहीच उरत नाही. मग तो धूर फुलतो. काही सेकंदांत कित्येक किलोमीटर रुंद होतो, आणि सूर्य खालून, क्षितिजाआडून त्याच्यावर प्रकाश टाकत असला तर आकाशात निळसर-पांढरी घंटा टांगल्यासारखी दिसते. मच्छीमारांना विचारलं तर ते त्याला जेलीफिश म्हणतील, आणि जगभर लोक तेच म्हणतात. निळा रंग येतो तो अतिशय बारीक कणांमुळे. ते कण सूर्यप्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. आकाश निळं दिसण्याचं कारणही प्रकाशाचं असंच विखुरणं आहे.

भर दुपारी चाचणी झाली तर निळ्या आकाशात एवढा फिका धूर दुरून दिसणार नाही. मध्यरात्री झाली तर धुरावर ऊनच पडणार नाही, जवळच्यांना फक्त इंजिनाची ज्वाला दिसेल. तिन्हीसांजा आणि पहाट, या दोन वेळांनाच निसर्ग हा दिवा लावतो.

हे जाणून घेऊन भारतात पहिल्यांदा ज्या संध्याकाळी आकाश रंगवलं गेलं ती तारीख होती २१ नोव्हेंबर १९६३. तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा गावातून आपल्या भूमीवरचं पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकी, नायके-अपाचे जातीचं. आत सोडियमची वाफ सोडणारं उपकरण, ते फ्रान्सहून आलेलं. वेळ मुद्दाम सूर्यास्तानंतरची निवडली होती: खाली अंधार, वर ऊन. उन्हात सोडियमची वाफ नारिंगी चमकते. ती वाफ वाऱ्याने कशी वाहते ते पाहून शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा अभ्यास करायचा होता. केरळातल्या लोकांनी अंगणात उभं राहून तो नारिंगी ढग पाहिला. शस्त्राशी त्याचा काही संबंध नव्हता. माझ्या मते आपल्या अवकाश कार्यक्रमाची ही सुरुवात शाळेत चित्र काढून शिकवायला हवी. इतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही.

जगातले गाजलेले उजेड याच कसोटीवर तपासून पाहा. ७ नोव्हेंबर २०१५, लॉस एंजेलिस. संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण तासाने, पश्चिमेच्या आकाशात निळी-हिरवी शंकूसारखी चमक पसरली. शहर घाबरलं. ती होती समुद्रातल्या केंटकी पाणबुडीतून सोडलेल्या ट्रायडेंट क्षेपणास्त्राची चाचणी. अमेरिकेच्या नौदलाने त्याच रात्री ते मान्य केलं. ७ जून २०१२ ला रशियाने कापुस्तिन यारहून टोपोल क्षेपणास्त्र पूर्वेला कझाकस्तानच्या दिशेने सोडलं, आणि त्याचा उजेड इस्रायल, लेबनॉन, सीरिया, तुर्कस्तानातून दिसला. ज्या देशांकडे ते गेलंच नाही, त्या देशांतल्या लोकांनी गच्चीवर येऊन ते पाहिलं. उंची आली की अंतराचा हिशेब असा बदलतो.

सर्वांत विलक्षण दृश्य मात्र नॉर्वेचं. ९ डिसेंबर २००९ ची सकाळ. नॉर्वेच्या उत्तरेला त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही, सकाळीही संधिप्रकाशच असतो. त्या आकाशात एक पांढरं चक्र फिरू लागलं, कुणीतरी कंपासने काढल्यासारखं नेमकं, आणि त्याच्या पोटातून निळी दोरी लोंबत होती. मधोमध काळं छिद्र वाढत गेलं आणि सगळं विरून गेलं. दुसऱ्या दिवशी ओस्लोत ओबामांना शांततेचा नोबेल पुरस्कार दिला जायचा होता. त्यामुळे परग्रहवासी, गुप्त प्रयोग, दैवी संकेत, सगळे तर्क लढवून झाले. मग रशियाच्या संरक्षण खात्याने सांगितलं की पांढऱ्या समुद्रात दिमित्री दोन्स्कोय या पाणबुडीतून बुलावा क्षेपणास्त्र सोडलं होतं आणि त्याच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला. बिघडलेला टप्पा गरगर फिरू लागला आणि बाजूने धूर फेकत राहिला. भुईचक्र पेटवून आकाशात सोडल्यासारखं. हवा नसल्यामुळे धूर विस्कटला नाही, सरळ बाहेर जात राहिला, म्हणून वर्तुळं इतकी रेखीव.

तशी चक्रं आता बिघाडाशिवायही दिसतात. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा वरचा टप्पा काम संपल्यावर फिरत फिरत उरलेलं इंधन सोडून देतो. जून २०२२ मध्ये न्यूझीलंडला, एप्रिल २०२३ मध्ये अलास्काला आणि मार्च २०२५ मध्ये युरोपात अशी निळी चक्रं दिसली. मोबाइलवर 'रशियन अस्त्र' म्हणून जी फिरतात त्यांत ही बरीच असतात.

आपल्याकडची घटना १५ डिसेंबर २०२२ ची. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून अग्नी-५ सोडण्यात आलं. पश्चिम बंगाल, ओडिशा आणि ईशान्येच्या काही भागांत लोकांनी टॉर्चच्या झोतासारखा पसरत जाणारा उजेड पाहिला. सहाच दिवसांपूर्वी तवांगजवळ भारत आणि चीनच्या सैनिकांची झटापट झाली होती, तेव्हा लोक काय समजले असतील याची कल्पना करा.

त्या क्षणी गोव्यात काय होतं? ऊन. डिसेंबरच्या मध्याला कोलकात्यात सूर्य पाचच्या आत मावळतो, आपल्याकडे सहा वाजून गेल्यावर. एकाच देशाच्या दोन टोकांना घड्याळ एक आणि सूर्य वेगळा. तिकडे अंगण काळोखलेलं आणि धुरावर ऊन. इकडे मोरजीला पर्यटक सूर्यास्ताचे फोटो काढायला जागा शोधत होते. तरीही त्या रात्री 'आमच्या गावातून दिसलेलं मिसाईल' म्हणून कुणी पश्चिम किनाऱ्यावरचा फोटो पाठवला असेल तर तो त्या चाचणीचा असणं शक्य नव्हतं. घड्याळ आणि सूर्यास्त एवढं बघितलं तरी कळतं.

अंतराचाही हिशेब करू. आग्वादच्या किल्ल्यावरून दूर जाणारं जहाज पाहिलं असेल तर ठाऊक असेल की आधी त्याचा तळ बुडतो, मग वरचा भाग. पृथ्वीचा बाक मध्ये येतो. वस्तू जितकी उंच तितकी ती दुरून दिसते. शंभर किलोमीटर उंचीवरची गोष्ट साधारण अकराशे किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेली दिसेल. कलाम बेट पेडण्यापासून सरळ रेषेत पंधराशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिथून उडालेलं क्षेपणास्त्र १८० किलोमीटर वर चढेपर्यंत आपल्यासाठी पृथ्वीच्या बाकाआडच राहणार, आणि त्यानंतरही पूर्व क्षितिजाला चिकटून, जिथे आपल्याला सह्याद्री आडवा येतो. शिवाय आपली संध्याकाळ होते तेव्हा ओडिशात रात्र पुढे सरकलेली असते आणि पृथ्वीची सावली तिथे आणखी वर गेलेली असते. गोव्यातून बंगालच्या उपसागरावरची चाचणी दिसण्याची थोडीफार शक्यता असलीच तर ती पहाटे: आपल्याकडे काळोख, तिकडे उंचावर ऊन. त्यासाठीही पूर्वेला डोंगर खाली असलेलं एखादं उघडं पठार लागेल.

श्रीहरिकोटा जवळ आहे, सातशे किलोमीटरच्या थोडं पुढे. इस्रोचं रॉकेट चाळीस किलोमीटरच्या वर गेलं की तत्त्वतः आपल्या क्षितिजावर येतं. सूर्योदयापूर्वीचं प्रक्षेपण असेल आणि हवा स्वच्छ असेल तर एखाद्या उंच पठारावरून पूर्वेला पाहावं.

मग अरबी समुद्रातल्या नौदलाच्या चाचण्यांचं काय? हा प्रश्न वास्कोत आणि काणकोणात हमखास येतो, आणि रास्त आहे. आपल्या बंदराचं नाव असलेली मुरगाव ही विनाशिका १८ डिसेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली, गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी. तिच्यावर ब्रह्मोस आहे. पण ब्रह्मोस हे क्रूझ जातीचं क्षेपणास्त्र. ते गोफणीच्या दगडासारखं अवकाशात जात नाही, विमानासारखं हवेतून उडतं आणि पंधराएक किलोमीटरच्या आतच राहतं. तिथे हवा दाट, धूर फुलत नाही. ब्रह्मोसची जेलीफिश होत नाही.

म्हणजे गोव्यात दिसणारे अनोळखी उजेड बहुतेक वेळा दुसरेच असतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या तालुक्यात फोन वाढले. उतरणारं विमान आपल्या दिशेने येत असलं की त्याचा पुढचा दिवा मिनिटभर एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो, हलत नाही, नुसता मोठा होत जातो. मग विमान वळतं आणि दिवा 'अचानक गायब' होतो. दाभोळीच्या नौदल तळावरून मिग-२९के लढाऊ विमानं रात्री सराव करतात, त्यांच्या शेपटीची ज्वाला दुरूनही डोळ्यांत भरते. खोल समुद्रात एलईडी दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्या बोटी, बंदी असूनही, ढगांच्या पोटाला पांढरी-हिरवी झळाळी देतात. पारंपरिक मच्छीमारांना ती झळाळी चांगलीच ओळखीची आहे आणि तिच्यावरचा त्यांचा राग किती खरा आहे ते मी जवळून पाहिलं आहे. मांडवीतल्या कसिनोंचे आणि लग्नांतले झोत ढगांवर वर्तुळं काढतात. आणि शुक्र. पश्चिमेला समुद्रावर टेकलेला शुक्र दाट हवेतून लाल, हिरवा, पांढरा असा थरथरतो. माझ्याकडे आलेल्या 'ड्रोन'च्या व्हिडिओंत सर्वांत जास्त वेळा शुक्रच निघाला आहे.

एक उजेड मात्र खरोखर वरून पडणाऱ्या लोखंडाचा असतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या आकाशातून पेटते तुकडे ओळीने सरकत गेले. बातम्यांत आधी उल्का म्हटलं, मग क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. ते वर्षभरापूर्वी सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष होते. उल्का आणि असा कचरा यांत फरक ओळखता येतो. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, कारण ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते. कक्षेतून ढासळणारा कचरा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत आणि तिरकस येतो, म्हणून तो तीस-चाळीस सेकंद, कधी मिनिटभर सरकत राहतो. असा तुकडा आपल्या बागायतीत पडलाच तर हात लावू नये. त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना कळवावं.

आता दुसरी बाजू, जी मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. इतकी मोठी चाचणी लपवता येत नाही. आकाश सगळ्यांना दाखवतं. आणि चुकीच्या माणसाने चुकीच्या क्षणी पाहिलं तर काय होतं ते २५ जानेवारी १९९५ ला जगाने अनुभवलं.

नॉर्वेतल्या आन्डोया बेटावरून शास्त्रज्ञांनी ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला एक रॉकेट सोडलं. ध्रुवीय प्रकाश, म्हणजे तोही आकाशातला अनोळखी उजेडच. रशियाच्या रडारवर ते पाणबुडीतून सुटलेल्या अमेरिकी ट्रायडेंटसारखं दिसलं. राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांचे आदेश देण्याची पेटी उघडली गेली. काही मिनिटांत रॉकेट समुद्राकडे जातंय हे स्पष्ट झालं आणि पेटी मिटली. नॉर्वेने या उड्डाणाची सूचना आधीच दिली होती. ती मॉस्कोत पोचली होती, पण रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत गेली नव्हती. एक कागद पुढे सरकला नाही, एवढंच.

असे गैरसमज टाळायलाच सूचना देण्याचे करार असतात. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९८८ मध्ये ठरवलं की लांब पल्ल्याच्या प्रत्येक चाचणीची किमान २४ तास आधी कल्पना द्यायची. भारत आणि पाकिस्तानने ३ ऑक्टोबर २००५ ला असाच करार केला: बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीपूर्वी किमान तीन दिवस आधी कळवायचं, प्रक्षेपणाची जागा सीमेपासून चाळीस किलोमीटरच्या आत नसावी आणि ते सत्तर किलोमीटरच्या आत पडू नये. क्रूझ क्षेपणास्त्रं या करारात येत नाहीत, ही त्यातली उणीव आहे. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटक नव्हतं आणि दोन्ही बाजूंनी संयम राहिला, पण करारांचं मोल अशा दिवशी कळतं. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा प्रसार रोखण्यासाठीच्या २००२ च्या हेग आचारसंहितेत १४० हून अधिक देश आहेत. भारत २०१६ मध्ये तिच्यात सामील झाला. चीन, पाकिस्तान, इराण आणि उत्तर कोरिया बाहेर आहेत.

सूचना न देण्याचा अर्थ काय होतो हे २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस दिसलं. उत्तर कोरियाने ह्वासाँग-१५ जवळजवळ सरळ वर, साडेचार हजार किलोमीटर उंच फेकलं. ते जपानजवळच्या समुद्रावर परत येत असताना कॅथे पॅसिफिकच्या प्रवासी विमानातल्या वैमानिकांनी आकाशात ते पाहिलं. त्यांना आधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

सामान्य माणसालाही यातली एक गोष्ट हाताशी आहे. चाचणीपूर्वी विमानांसाठी नोटॅम निघतो, म्हणजे अमुक वेळेत हवाई क्षेत्राचा अमुक पट्टा टाळा अशी जाहीर सूचना. जहाजांसाठी वेगळा इशारा निघतो. आपल्या भागातल्या सागरी इशाऱ्यांचा समन्वय भारतच करतो, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयातून. २०२२ च्या त्या अग्नी-५ चाचणीआधीही बंगालच्या उपसागराचा लांबलचक पट्टा असाच जाहीर झाला होता. क्षेपणास्त्राचं नाव सूचनेत नसतं, पण पट्टा तीन-चार हजार किलोमीटर लांब असला की कशाची तयारी आहे याचा अंदाज जाणकार बांधतात. मालीम आणि कुटबणच्या जेटीवर अशा इशाऱ्यांना महत्त्व देणारे तांडेल मी पाहिले आहेत. तो कागद त्यांच्या जिवाचा असतो.

कलाम बेटाबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. ते बेट गहिरमाथाच्या किनाऱ्याजवळ आहे, जिथे लाखो ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्याच जातीची कासवं आपल्या मोरजी, आगोंद आणि गालजीबागला येतात. वाळूतून बाहेर पडलेली पिल्लं समुद्रावरच्या उजेडाकडे धावतात. मागच्या बाजूला झगझगीत दिवे असले तर उलट दिशेने जाऊन मरतात. म्हणून २०२४ च्या अखेरीस, विणीच्या जानेवारी ते मार्च या काळात त्या बेटावरच्या चाचण्या थांबवायचं ठरलं. देशाचं सर्वांत मोठं अस्त्र कासवांसाठी तीन महिने थांबतं हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मोरजीच्या किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना मी हे दर हंगामात सांगतो, आणि काहीजण दिवे मंद करतातही.

केरीच्या त्या रात्रीनंतर शेजारचे सगुणकाका नातवाला घेऊन आले. पोरगा आठवीत. त्याला मी एक वही दिली आणि पाच रकाने आखायला लावले. किती वाजता दिसलं. कोणत्या दिशेला. क्षितिजापासून किती मुठी वर: हात पुढे लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. किती वेळ दिसलं. आणि आकार बदलला का. फोटो काढायचा असेल तर चौकटीत एखादा माड किंवा घराचं छप्पर येऊ द्यायचं, म्हणजे दिशा आणि उंची नंतर ताडता येते. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्याचं कुणालाच काही करता येत नाही.

ठिपका लुकलुकला तर विमान. चार-पाच मिनिटांत शांतपणे आकाश ओलांडून गेला आणि मध्येच मावळला तर उपग्रह, बहुतेकदा अवकाश स्थानक. तासभर त्याच भागात राहून हळूहळू मावळला तर ग्रह. डोळा मिटेपर्यंत संपला तर उल्का. संधिप्रकाशात मिनिटा-मिनिटाला फुलत गेला, मागे वळणावळणाचा धूर ठेवून गेला, तर वेळ लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र बघायचं. ज्यांना दुर्बिणीतून पाहायची हौस आहे त्यांनी पणजीतल्या सार्वजनिक वेधशाळेची चौकशी करावी. तिथली मंडळी प्रश्नांना कंटाळत नाहीत.

परवा पोराने वही दाखवायला आणली. नऊ नोंदी झाल्या आहेत. शेवटची अशी: "पहाटे ५.४०. पूर्वेला. तीन मुठी. अर्धा तास पाहिला, थोडा वर सरकला. आकार तोच. आजीला वाटलं राखणदार. मला वाटतं शुक्र. सर, तपासून सांगा."

मी तपासलं. शुक्रच होता.